गरमी

अव्वानं सब्जा भिजत घातला तेव्हाच मी ओळखलं, हिला काहीएक कळलेलं नाही.

पितळी वाटीत ते काळं बी फुगत होतं. अव्वा, म्हणजे माझी आई, खडीसाखर कुटता कुटता सुनेची समजूत घालत होती. "भ्यायचं काय काम न्हाई, चंदना. पोटुशीपणात गरमी हुतीच अंगात. ह्या भरतेशाच्या येळंला मला एवढी झालती, तळपाय नुसतं इस्तवावर ठेवल्यागत. माझ्या सासूनं महिनाभर सब्जा पाजला. उतरली का न्हाई?"

"उतरली म्हणायची," चंदना म्हणाली.

"मग! तुझीबी उतरंल."

चंदनानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी कोपऱ्यातल्या घागरीकडं बघत राहिलो. घागरीत बघण्यासारखं काही नव्हतं.

तासाभरापूर्वी आम्ही तिघं इचलकरंजीच्या दवाखान्यातून परत आलो होतो. चंदनाला पाचवा महिना लागला होता. आठवड्यापूर्वी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट घ्यायचा आणि यायचं, एवढंच काम होतं. डॉक्टर साखळकर बाईंनी आम्हा नवरा-बायकोला आत बोलावलं आणि अव्वा बाहेर बाकावर बसली. आत आम्हाला जे सांगितलं गेलं, ते बाहेर दवाखान्यातल्या आयाबाईनं अव्वाच्या कानात आपल्या भाषेत सांगून टाकलं. "सुनंच्या रक्तात गरमी निघालीया, आज्जी."

आमच्याकडं गरमी दोन प्रकारची. एक उन्हाळ्यात ताक प्यालं की जाते ती. दुसरी, नको त्या वस्तीत जाऊन येणाऱ्याला लागते ती. तिचं नाव पुरुष हळू आवाजात घेतात आणि लगेच विषय बदलतात. आयाबाईला दुसरी म्हणायची होती. अव्वाला साठ वर्षांच्या आयुष्यात पहिलीच माहीत होती. त्यामुळे येताना रिक्षा थांबवून तिनं सब्जा घेतला, धने घेतले, काकड्या घेतल्या, आणि घरी आल्याबरोबर पदर खोचून कामाला लागली.

आत डॉक्टरबाई असं म्हणाल्या नव्हत्या. त्या फार नीट बोलल्या होत्या.

"व्हीडीआरएल म्हणून एक तपासणी असते. सगळ्याच गरोदर बायकांची करतो आम्ही. तुमची रिअॅक्टिव्ह आली आहे."

"म्हणजे?" चंदनानं विचारलं.

बाईंनी दार लोटलेलं आहे ना ते बघून घेतलं. "सिफिलिस. गुप्तरोग म्हणतात ना, त्यातला. थांबा, लगेच तोंड पाडू नका. या एका तपासणीवर रोग आहेच असं ठरत नाही. पोटात बाळ असताना ती कधी कधी फसवते. म्हणून दुसरी, पक्की तपासणी करायची. ती इथं होत नाही, रक्त मुंबईला जातं. नऊ-दहा दिवस लागतील. पण समजा खरं निघालं, तर बाळाला धोका आहे. पोटातच दगावू शकतं, जन्मलं तर अधू जन्मू शकतं. तेवढे दिवस मी वाया घालवणार नाही. इंजेक्शन आजच सुरू करते. आठवड्याला एक, अशी तीन."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुमचंही रक्त लागेल. शेजारच्या खोलीत देऊन जा."

"मी चहा पिऊन आलोय," मी म्हणालो.

"त्याला उपाशी पोट लागत नाही."

"उद्या देतो की. आज जरा माल पोचवायचाय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. चंदनानंही बघितलं. मी खिशातली रिक्षावाल्याची सुट्टी मोड चाचपत उठलो.

आम्ही हुपरीचे, चांदीचे पैंजण करणारे. आमच्या धंद्यात चांदीचा टंच काढतात. चांदीत अस्सल चांदी किती आणि मिसळ किती, त्याची ती परीक्षा. एका ठिकाणी टंच कमी आला म्हणून कुणी शहाणा माणूस माल वितळवत नाही. दुसरीकडं काढतो, वेळ पडली तर तिसरीकडं. मी वीस किलो पैंजणांसाठी तीन ठिकाणी टंच काढलेले आहेत. 'ही तपासणी कधी कधी फसवते' असं डॉक्टरीण बाई तोंडानं सांगत होती, आणि ते दुसऱ्या कुणालाही कळलं नसतं इतकं मला कळायला हवं होतं. पण ते वाक्य माझ्या कानाला लागलंच नाही, कारण माझं उत्तर माझ्याजवळ आधीच तयार होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

लग्नाला सात महिने झाले होते तेव्हा मी फिरतीवर सेलमला गेलो होतो. माल चांगला खपला होता, चार दिवस मुक्काम वाढला होता. तिथं ओळखीचा झालेला एक व्यापारी मला एका घरी घेऊन गेला. तो कुठं नेतोय हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं. एकदाच गेलो. परत आल्यावर महिनाभर अंघोळीच्या वेळी स्वतःच्या अंगाकडं भीत भीत बघत होतो. काही उठलं नाही, काही दुखलं नाही. मग हळूहळू मीच मला माफ करून टाकलं. दुसऱ्या कुणी करायचा प्रश्नच नव्हता, कुणाला माहीतच नव्हतं.

आणि आता ते चंदनाच्या रक्तात निघालं होतं.

चंदना सदलग्याकडची. त्या भागातल्या बायकांसारखी ती 'मी येतो, मी जातो' असं बोलायची. लग्न झालं तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. बारावी झालेली, शांत, पण भित्री मुळीच नाही. घरात आम्ही तिघंच. मी मागच्या खोलीत कारागिरांनी दिलेल्या साखळ्या तपासायचो आणि ती शेजारी बसून पैंजणाला घुंगरं जोडायची. दिवस बुडायच्या आत जेवणं व्हायची. असा आमचा साधा जैनाघरचा संसार होता, आणि मी तो सेलमहून येताना नासवून आणला, असं मला वाटत होतं.

पुढच्या सात दिवसांत मी जितका चांगला वागलो तितका आधी कधी वागलो नाही, नंतरही नाही. डाळिंबं आणली. तिच्या हातची घागर काढून घेतली. इंजेक्शन जाड सुईचं, कमरेत द्यायचं. तिथं लिंबाएवढी गाठ आली आणि ती लंगडायला लागली, तेव्हा मी स्वतः मीठ भाजून फडक्यात बांधून शेकायला दिलं. अव्वा बघतच राहिली. "बाप हुयाचाय म्हणून शानपन आलं बघ," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. चंदनानं हातातला पैंजण मांडीवर ठेवला.

"तुम्हाला मला काय विचारायचंय का?"

"काय विचारायचं?"

"काय बी."

"काही नाही. इंजेक्शन घेतीयास ना? बरं होईल."

"बरं होईल," ती म्हणाली. "बरं, बरं."

मी घुंगरं निवडत बसलो. ती परत कामाला लागली. मला वाटलं, सुटलो. मला वाटत होतं की तिला सगळं कळलंय, आणि ती माझ्या तोंडून कबुली यायची वाट बघतेय. तिच्या प्रत्येक नजरेचा मी तोच अर्थ लावत होतो. मी कबुली द्यायचं ठरवायचो. सकाळी ठरवायचो, दुपारी पुढं ढकलायचो. मुंबईहून रिपोर्ट येऊ दे, मग सांगू, एवढ्यात बाळाच्या जिवाला घोर कशाला, असं चाललं होतं. पुढं ढकलायला बाळासारखं चांगलं निमित्त नाही.

पाचव्या दिवशी अव्वा बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, हिरमुसली होऊन आली.

"बायका बघ कशा असत्यात," ती सांगायला लागली. "मी म्हटलं, माझ्या सुनंला गरमी झालीया, सब्जा चालू केलाय, आणि काय करावं? तर ती सरोजिनी तोंडाला पदर लावून हसाय लागली. दुसरी म्हणती, कुनी सांगितलं गरमी म्हणून? म्हटलं डाक्टरनं. तर सगळ्याच गप. हसाय काय झालं ग? पोटुशी बाईला हसत्यात व्हय?"

चंदना दळण निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला. अव्वा पाय धुवायला मागं गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"अव्वांना सांगा की. बस्तीत बोलू नका म्हणावं."

"काय म्हणून सांगू?"

"गरमी म्हणजे काय ते सांगा."

"तिला कसं सांगायचं ते? म्हातारं माणूस."

"मग मी सांगू?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे. विसरतील बायका."

अव्वाला अर्थ सांगितला असता तर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. कुठनं आली? त्या प्रश्नाच्या वाटेला मला जायचं नव्हतं. म्हणून मी माझ्या बायकोची बस्तीत होणारी बदनामी चालू दिली. हे मी आज सरळ लिहितोय. तेव्हा मी त्याला म्हाताऱ्या आईला जपणं असं नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंदनानं मला हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर होते.

"हललं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच. हात द्या इकडं."

तिनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला. मला काहीच जाणवेना. मग एकदम तळहाताखाली काहीतरी टिचकी मारल्यासारखं झालं. आंधळं असेल का, एवढंच माझ्या मनात आलं. अधू असेल का. माझ्यामुळं असेल का. मी हात काढून घेतला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. माल द्यायचा राहिलाय."

मी उठून बाहेर गेलो आणि चौकात उगाच उभा राहिलो.

आठव्या दिवशी तिचं दुसरं इंजेक्शन होतं. मी बरोबर गेलो असतो तर डॉक्टरबाईंनी माझं रक्त घेतल्याशिवाय सोडलं नसतं. म्हणून मी आदल्या दिवशीच अव्वाला सांगितलं की बेळगावच्या सराफाकडं माल दाखवायला जायचंय, तू चंदनाला घेऊन जा. पिशवीत दोन किलो पैंजण टाकले. बेळगावला उतरलो आणि एका पॅथॉलॉजीत खोटं नाव सांगून रक्त दिलं. सराफाकडं गेलोच नाही. चार वाजेपर्यंत एका बागेत बाकावर बसून राहिलो. शेंगदाणे घेतले होते, ते तसेच पुडीत राहिले.

चार वाजता कागद मिळाला. नॉन-रिअॅक्टिव्ह. मला इंग्रजी बेताचं येतं, म्हणून काउंटरवरच्या पोराला विचारलं.

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"काही नाही तुम्हाला," तो म्हणाला. "स्वच्छ आहे."

एस.टी.त बसल्यावर संकेश्वर येईपर्यंत मी हात जोडून बसलो होतो. शेजारच्या माणसाला वाटलं, मी घाटाला भितोय. संकेश्वरला शेंगदाणे खाल्ले. निपाणी सुटली आणि डोक्यात किडा शिरला. मी जर स्वच्छ, तर मग चंदनाला कुठनं?

माणसाचं मन किती लवकर पालटतं हे मला कुणी पुस्तकात वाचून दाखवलं असतं तर मी हसलो असतो. निपाणी ते कागल अर्धा तास लागत नाही. तेवढ्या वेळात मी तिच्या माहेरच्या सगळ्या माणसांची उलटतपासणी घेतली. सदलग्याचा तिचा आतेभाऊ, लग्नात फार पुढं पुढं करणारा. दिवाळीला ती पंधरा दिवस जास्त का राहिली? शिवणक्लासला जायची तिथला मास्तर कोण? आठ दिवस मी चोर होतो. कागलच्या स्टँडवर उतरलो तो फौजदार होऊन. 'ही तपासणी फसवते' हे वाक्य तेव्हाही मला आठवलं नाही. मला आता ते नको होतं.

घरी चंदना पडून होती. दुसऱ्या बाजूला दुसरी गाठ. तिनं विचारलं, "खपला का माल?"

"नाही," मी म्हणालो आणि दिवस बुडाला होता म्हणून न जेवताच झोपलो. त्या दिवशी मी मीठ भाजून दिलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी अव्वा बस्तीला गेली आणि मी मागच्या खोलीत आलो. चंदना घुंगरं जोडत होती. मी बसलो नाही. उभ्यानंच विचारलं.

"चंदना, मला खरं सांग. हे तुला कुठनं आलं?"

ती रडेल, शपथा घेईल, चिडेल, असं मला वाटलं होतं. तिनं हातातली सांडशी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. हिशेब लागत नसला की माणूस बघतो तसं.

"आज विचारलासा?" ती म्हणाली.

"हो. आज. सांग."

"आजच का?"

"प्रश्नाला प्रश्न करू नकोस. कोण आहे तो?"

तिचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज चढला नाही. "मुंबईचा कागद येऊ दे," ती म्हणाली. "मग सांगतो."

'मग सांगतो' म्हणजे काहीतरी आहे, हे मी पक्कं धरून चाललो. दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही. अव्वानं सब्ज्याचा पेला माझ्या हातात दिला, सुनेला नेऊन दे म्हणून. मी तो ओट्यावर तसाच ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण माझ्या बोंबा मला अगदी सुलट वाटत होत्या.

दहाव्या दिवशी समोरच्या किराणा दुकानात डॉक्टरबाईंचा फोन आला. रिपोर्ट आलाय, दोघंही या.

अव्वाला घरीच ठेवून आम्ही गेलो. एस.टी.त तिला खिडकीजवळ जागा मिळाली, मी उभा राहिलो. शेजारची जागा रिकामी झाली तरी बसलो नाही.

साखळकर बाई हसतच होत्या. "बसा. पक्की तपासणी निगेटिव्ह आली आहे. हिला काही नाही. कधीच नव्हतं. पहिला रिपोर्ट फसवा होता. पोटात बाळ असलं की कधी कधी रक्त अशी खोटी खूण दाखवतं. मी म्हटलं होतं ना तुम्हाला? इंजेक्शन आता बंद. बाळाला काही धोका नाही."

"म्हणजे माझ्यात काय दोष न्हवताच," चंदना म्हणाली.

"नव्हताच."

"जरा लिहून द्या तसं. मराठीत."

बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं. चंदनानं ती वाचली आणि ब्लाउजमधल्या बटव्यात ठेवली. बाई माझ्याकडं वळल्या. "तुम्ही रक्त दिलंच नाहीत शेवटपर्यंत."

"राहूनच गेलं," मी म्हणालो.

"असू दे. आता गरज नाही."

मी बाहेर आलो तो हवेत तरंगत. सुंठीवाचून खोकला गेला. मला काही नाही, तिला काही नाही, बाळाला काही नाही. सेलमचं कुणालाच काही कळलं नाही, आणि आता कळायचं कारणही उरलं नव्हतं. राहिली होती ती एकच गोष्ट, कालचा माझा प्रश्न. त्याची मला मनापासून लाज वाटत होती. स्टँडसमोर रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं मी तिला बसवलं आणि दोन ग्लास सांगितले.

"चंदना, मला माफ कर. कालचं. मी तसं विचारायला नको होतं."

"विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं. मी वाट बघत होतो." तिनं रसाच्या ग्लासाला हात लावला नव्हता. "रिपोर्ट आला त्या दिवशी तुम्ही विचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाई. मी तोंडानं म्हटलं काय विचारायचंय का, तरी न्हाई. मला वाटलं, केवढा हो विश्वास! बायकोच्या रक्तात असलं निघालं आणि नवरा एका शब्दानं विचारत न्हाई, उलटं मीठ भाजून देतो. मी देवाला हात जोडत होतो. म्हटलं, कसलं नशीब काढलं मी."

मी माझा ग्लास बाजूला सारला.

"पण विश्वास असता तर तुम्ही म्हणाला असता, रिपोर्ट खोटा असंल. डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या होत्या. तुम्ही एकदाबी म्हणाला न्हाई. तुम्ही म्हणालासा, बरं होईल. कुणाला बरं होईल? ज्याला झालंय त्याला. तुम्हाला पक्कं ठाऊक होतं की मला झालंय, आणि कुठनं झालंय ते विचारायची गरज नव्हती. हे माझ्या ध्यानात यायला सहा दिवस लागले. बाळ हललं तवा तुम्ही हात काढून घेतलासा, त्या दिवशी."

गुऱ्हाळाचं चाक फिरत होतं, बैलाच्या गळ्यात घंटा वाजत होती. रसवाल्यानं येऊन विचारलं, लिंबू पाहिजे का. मी नको म्हणालो.

"तरी मी म्हटलं, न्हाई, मीच वंगाळ विचार करतोय," ती पुढं म्हणाली. "मग आठव्या दिवशी तुम्ही बेळगावला गेलासा. दोन किलो माल नेलासा, दोन किलो परत आणलासा. पिशवीची गाठबी सोडली नव्हती, मीच घातलेली गाठ. आणि नवव्या दिवशी येऊन विचारलासा, कोण आहे तो म्हणून."

ती थांबली. मला वाटलं, आता विचारणार. मी मनात वाक्य जुळवायला लागलो. सेलम, तो व्यापारी, एकदाच. ते सगळं तिथंच, त्या बाकावर सांगून टाकायचं मी खरंच ठरवलं होतं.

"आता तुम्हाला वाटत असंल, मी विचारंन," ती म्हणाली. "न्हाई विचारणार. मी नऊ दिवस वाट बघितली. काय असतंय ते मला कळलं. आता तुम्ही बघा."

एस.टी. लागली. ती ग्लास तसाच ठेवून उठली आणि लंगडत लंगडत जाऊन रांगेत उभी राहिली.

पुढं मुलगी झाली. सुव्रता. हातापायानं, डोळ्यांनी धड, चांगली सात पौंडांची. अव्वा मरेपर्यंत सांगत राहिली की सुनेची गरमी तिनं सब्ज्यानं उतरवली. ती चिठ्ठी चंदनानं बस्तीतल्या बायकांना दाखवली असणार, कारण पुढं कुणी हसल्याचं मी ऐकलं नाही. संसार चांगला झाला. हे मी वरवर म्हणत नाही. ती कधी माझ्याशी तुटक वागली नाही, माझ्या आजारपणात उशाशी बसली, अव्वाचं सगळं तिनंच केलं. भांडणं झाली ती भाजीवरून, पाहुण्यांवरून, सगळ्यांची होतात तशी. त्या गोष्टीवरून कधी नाही.

सव्वीस वर्षं झाली. तिला सवय आहे, बोलण्याआधी म्हणायची, "अवो, ऐका की." दिवसातून चार वेळा म्हणते. चार वेळा माझं काळीज थांबतं. मग ती म्हणते, गॅसवाला आला होता, किंवा उद्या लाडवांना गूळ आणा. फिरतीवरून आलो की ती पाणी द्यायची आणि दाराला टेकून उभी राहायची. मी पाणी प्यायचो आणि वाट बघायचो. फिरती मी पंधरा वर्षांपूर्वी बंद केली. त्याचं कारण मी घरात गुडघे असं सांगितलं.

गेल्या महिन्यात सुव्रतानं सांगलीहून फोनवर रिपोर्ट पाठवले. तिला चौथा महिना आहे. चंदनाचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून तिनं मलाच वाचायला सांगितलं. मी हिमोग्लोबिन वाचलं, साखर वाचली. मग ती ओळ आली. मी थांबलो.

"वाचा की," ती म्हणाली.

"व्हीडीआरएल," मी वाचलं. "नॉन-रिअॅक्टिव्ह."

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. अव्वा जाऊन आठ वर्षं झाली होती. मला वाटलं, आता या वयात काय उरलंय, आज सांगूनच टाकावं. मी फोन खाली ठेवला.

"चंदना," मी म्हणालो, "त्या वेळी बेळगावला मी..."

"मी विचारलं?" ती म्हणाली.

"नाही."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मग जेवा," ती म्हणाली.